सोसण्याची शिकवणी बंद करा

लोकलचा प्रवास आनंदात कसा करावा, हे शिकवणारी जमात मुंबईत भलतीच माजली आहे. कार्यालयांतून तिची शिबिरं भरतात, रविवारच्या पुरवण्यांत तिचे लेख येतात, मोबाइलवर तिचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे उपदेश फिरतात. रोजचे तीन-चार तास वाया घालवू नका, म्हणतात. पुस्तकं ऐका. नवी भाषा शिका. श्वासावर लक्ष ठेवा. अशा एका शिबिरात मी बसले आहे. पडद्यावरच्या चित्रात एक तरुणी खिडकीशी बसून वाचत होती आणि तिच्या शेजारची जागा चक्क रिकामी होती. खोलीत डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरारच्या बायका होत्या. ते चित्र बघून आम्ही खो-खो हसलो, आणि आपलं नेमकं काय चुकलं हे शिकवणाऱ्या गृहस्थांना शेवटपर्यंत कळलं नाही.

श्वासावर लक्ष ठेवा! सकाळी आठच्या सुमाराला मुंब्र्याच्या वळणावर श्वासावर सगळ्यांचंच लक्ष असतं, कारण पुढचा मिळेल की नाही याची शाश्वती नसते. रेल्वेच्या स्वतःच्या हिशेबात गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. त्यात सोळा जण, सोळा पिशव्या, सोळा डबे. हात वर राहिला तर ठाण्यापर्यंत वरच, खाली राहिला तर घाटकोपरपर्यंत खालीच. त्या हातानं खिशातून मोबाइल काढून जर्मन भाषेचे धडे गिरवायचे? हे सुचवणाऱ्याला जर्मन येत असेल, पण लोकलचं ल येत नाही.

शंकराचार्यांच्या परंपरेत साधकाच्या सहा संपत्ती सांगितल्या आहेत, त्यांतली एक तितिक्षा. थंडी-ऊन, सुख-दुःख तक्रार न करता सोसणं. मोठा गुण आहे, पण तो साधकानं स्वतःसाठी कमवायचा असतो. आपला वेळ वाचावा म्हणून दुसऱ्याकडून वसूल करायचा नसतो. आमच्याकडे मात्र तितिक्षेची सगळी शिकवणी कल्याणच्या पलीकडच्यांना, आणि गुरुजी स्वतः सिग्नलला दोन मिनिटं अडकले तर हॉर्नवरचा हात काढत नाहीत.

साधा हिशेब करू. बदलापूरची एखादी बाई घर ते कार्यालय जाताना दोन तास आणि येताना दोन तास घालवते. वर्षाचे कामाचे दिवस २८० धरले तर ११२० तास होतात. आठ तासांचा एक दिवस, या दरानं ते १४० दिवस झाले. म्हणजे ती वर्षाला २८० दिवस काम करते आणि त्याखेरीज १४० दिवसांएवढा वेळ उभी राहते. या १४० दिवसांचा पगार कुणी देत नाही. उलट ओव्हरहेड वायर तुटली, सिग्नल बिघडला, तर लेट मार्क तिला. तीन लेट मार्कना एक रजा कापणाऱ्या कचेऱ्या या शहरात आजही आहेत. ज्याच्यावर तिचा काडीचा ताबा नाही त्याचा दंड ती भरते. आणि वर तिला ‘वेळेचं नियोजन’ शिकवायला माणूस बोलावतात!

आता खरा प्रश्न. ती बदलापुरात का राहते? उपदेशक मंडळी हा प्रश्न कधी विचारत नाहीत, कारण त्याचं उत्तर कुणाच्या तरी सहीपाशी जाऊन थांबतं. प्रवासाचं अंतर हवामानासारखं आभाळातून पडलेलं नाही. ते ठरवून तयार केलं आहे, त्याला तारखा आहेत.

१९८२च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. ही माणसं परळ, लालबाग, शिवडी, वरळीच्या चाळींत राहत आणि भोंगा झाला की चालत कामावर जात. संप चिरडला गेला, एकेक गिरणी बंद पडली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमांनी निदान एवढं म्हटलं होतं की गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश घरांसाठी आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्यापुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल उचलून धरला. चिमण्या पडल्या, काचेचे मनोरे उभे राहिले. चाळीतला माणूस डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याला गेला. त्याचा मुलगा आज त्याच परळात त्याच जमिनीवर काम करतो. मनोऱ्याच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून उभा असतो, नाहीतर आत संगणकासमोर बसलेला असतो. बापाला जिथं चालत दहा मिनिटं लागत, तिथं मुलाला दोन तास लागतात. याला आमच्याकडे विकास म्हणतात आणि त्या मुलाला सांगतात, प्रवासात पुस्तकं ऐक.

पुढची गोष्ट याहून बेशरम आहे. हयात असलेल्या गिरणी कामगारांना आणि वारसांना घरं द्यायची म्हणून सरकारनं जागा सुचवल्या त्या कुठल्या? शेलू आणि वांगणी. नकाशा काढून बघा. बदलापूर गेलं की वांगणी, त्याच्या पुढे शेलू, मग नेरळ. लालबागच्या माणसाला न्याय म्हणून थेट माथेरानच्या पायथ्याशी सोडायचं! कामगार संघटनांनी विरोध केला तेव्हा काहींनी नाकं मुरडली, की फुकट मिळतंय तेही यांना नको. कसलं फुकट? त्या घराची किंमत पुढच्या पिढीनं दारात लोंबकळत फेडायची आहे.

नवी मुंबईचंही तेच. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. सगळं शहर रोज सकाळी दक्षिणेकडे धावतं, तेव्हा कामाची जागाच पलीकडे न्यावी, हा तिचा गाभा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. मग त्याच सरकारनं काय केलं? नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून कचेऱ्यांसाठी आणखी जागा काढली आणि स्वतः मंत्रालय धरून जागचं हललं नाही. लोकांनी पलीकडे जावं, साहेब इथेच बसतील. पन्नासहून अधिक वर्षं झाली. सकाळी दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीच्या दारात माणसं लटकलेली असतात आणि त्याच वेळी उलट दिशेनं जाणारी गाडी निवांत जाते. एकाच रुळजोडीच्या दोन बाजूंना दिसणारा हा मूर्खपणा मंत्र्याला दिसत नाही, कारण तो रुळांवर कधी उतरतच नाही.

आणि इमारतींना परवानगी? ती धडाक्यात. कल्याणच्या पुढे कर्जतकडे कित्येक दशकं दोनच मार्ग. त्यांवरच लोकल, त्यांवरच पुणे आणि दक्षिणेकडच्या मेल-एक्स्प्रेस, त्यांवरच मालगाड्या. पण अंबरनाथ-बदलापुरात मजल्यांवर मजले चढले. ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गाची पायाभरणी २००८ मध्ये झाली आणि तो पुरा झाला फेब्रुवारी २०२२ मध्ये. तेवढ्या अवधीत पायाभरणीच्या वर्षी जन्मलेलं मूल चौदा वर्षांचं होऊन त्याच गाडीला लटकू लागलं. घर बांधायची परवानगी महिन्यांत मिळते, रूळ टाकायला चौदा वर्षं लागतात, आणि मधल्या फरकात आम्ही उभे असतो.

या सगळ्यावर पांघरूण घालायला एक जुनं कापड आहे, ते म्हणजे मुंबईकरांच्या जिद्दीचं कौतुक. ११ जुलै २००६ला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले. दीडशेहून कितीतरी जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशी गाड्या भरून धावल्या आणि देशभर स्तुतिपाठ सुरू झाला. अरे, दुसऱ्या दिवशी लोक गेले ते भीतीवर मात करून गेले, हे खरं आहे आणि त्यांच्या धैर्याला माझा नमस्कार आहे. पण ते गेले याचं मोठं कारण असं, की गेले नसते तर दिवस कापला गेला असता. त्यांना पर्याय नव्हता. पर्याय नसलेल्या माणसाची पाठ थोपटणारा हात नेहमी अशा माणसाचा असतो ज्याला त्याला पर्याय द्यायचा नाही.

बायकांच्या डब्याचं कौतुक तर मला ओकारी आणतं. दरवर्षी कुठं ना कुठं तो फोटो छापून येतोच. लोकलमध्ये मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या हसऱ्या बायका, खाली मथळा त्यांच्या कार्यक्षमतेचा. ती मेथी का निवडते, हे एकदा तरी विचारा ना! ती निवडते कारण साडेआठला दार उघडून आत गेल्यावर ओट्याशी दुसरं कुणी उभं राहणार नाही. तिचे दोन तास प्रवासात गेले म्हणून घरातल्या कुणी कुकर लावलेला नाही. फोटो काढणाऱ्यानं तिच्या घरी जाऊन सोफ्यावर बसलेल्याचा फोटो काढावा, ती बातमी आहे.

डब्यातली मैत्री खोटी आहे असं मी म्हणत नाही. खूप खरी आहे. नवरात्रात रंगाच्या साड्या नेसून येणाऱ्या, दसऱ्याला डब्याला तोरण बांधणाऱ्या, एकमेकींच्या मुलींची लग्नं जमवणाऱ्या, ऑपरेशनच्या पैशांसाठी भिशी फोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्यावर माझा जीव आहे. भजनी मंडळातले टाळ माझ्याही कानांना गोड लागतात. हे सगळं आम्ही उभं केलं, आमच्या बळावर. ते दाखवून ‘बघा, लोक किती मजेत आहेत’ असं म्हणायचा हक्क बाकी कुणालाही नाही.

कारण त्याच डब्यात दुसरंही घडतं. आत शिरल्याबरोबर प्रत्येक बसलेलीला विचारायचं, ‘कुठं उतरणार?’ ती घाटकोपर म्हणाली की जागा ठरली. मागून येणारी ‘तुमच्यानंतर मी’ म्हणून नंबर लावते. चौथ्या सीटवर अर्धं ढुंगण टेकवायला मिळालं तरी त्यावरून भांडणं. खिडकी हवी तर डोंबिवलीहून आधी उलट कल्याणला जायचं, तिथून बसून यायचं, म्हणजे बसायच्या हक्कासाठी आणखी अर्धा तास मोजायचा. विरार गाडीत चुकून बोरिवलीचा माणूस चढला तर त्याला उतरू न देणारे गट आहेत. शिव्या देतात, प्रसंगी हात टाकतात. मला त्या गटांची चीड येते. पण बोरिवलीवाला आणि विरारवाला एका पायदानावर एकमेकांच्या नरड्याला लागलेले असतात, तेव्हा ज्यांनी गाड्या पुरेशा दिल्या नाहीत ते निवांत झोपलेले असतात, हे त्या दोघांनाही कुणी तरी सांगायला हवं. मी सांगते आहे.

आता मरणाकडे येऊ. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २५९० माणसं मेली. रोजची सात. हा आकडा २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि माणसांची वाहतूक जनावरांसारखी होते याची शरम वाटते, अशा अर्थाचे खडे बोल न्यायालयानं रेल्वेला सुनावले. रोज सात माणसं दुसऱ्या कुठल्या कारणानं एका ठिकाणी मेली असती तर विधानसभा बंद पडली असती. इथं फलाटावर एक हमाल, दोन पोलिस आणि एक स्ट्रेचर, आणि पाच मिनिटांनी पुढची गाडी.

रेल्वेचं उत्तर तयार असतं. रूळ का ओलांडले? दारात का उभे राहिले? रूळ ओलांडू नयेत, हे मीही म्हणते, पोटच्या पोराला म्हणावं तसं कळवळून म्हणते. पण फलाटाच्या एका टोकाला असलेला चिंचोळा पूल, गाडी यायच्या आधी मिनिटभर बदललेला फलाट क्रमांक आणि कापला जाणारा पगार या तिन्ही गोष्टी रुळावरच्या माणसाच्या मागे उभ्या असतात, त्यांची नोंद पंचनाम्यात होत नाही. दारात उभा राहणारा तर आत जागा नसते म्हणून उभा राहतो. तो पडून मेला तर रेल्वे कायद्याच्या १२४-अ कलमाखाली घरच्यांना भरपाई मिळायला हवी. २०१७ पासून ती रक्कम आठ लाख आहे. ती मागायला विधवा न्यायाधिकरणात गेली की रेल्वेचा वकील उठून म्हणतो, चूक मृताचीच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रीना देवी खटल्यात स्पष्ट सांगितलं, की नुसता निष्काळजीपणा म्हणजे स्वतःला जाणूनबुजून केलेली इजा नव्हे आणि त्या सबबीवर भरपाई नाकारता येत नाही. हे सांगायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं, यातच सगळं आलं.

आणि पूल? २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोड. सकाळची वेळ, अचानक पाऊस, अरुंद जिना, चेंगराचेंगरी, २३ मृत्यू. गिरण्यांच्या काळातलं ते स्थानक, त्याच्या डोक्यावर मनोऱ्यांतल्या कचेऱ्यांची सगळी गर्दी लोटून दिली आणि जिना तसाच ठेवला. नवा रुंद पूल आधीच मंजूर होता, कागदावर. मग ऑक्टोबरअखेर लष्कराला काम सांगितलं आणि फेब्रुवारी २०१८च्या शेवटी पूल वापरात आला. चार महिने! जे चार महिन्यांत होऊ शकत होतं ते वर्षानुवर्षं झालं नाही. लायकी होती, लोखंड होतं, माणसं होती. फक्त मेलेली माणसं पुरेशी नव्हती. त्याच वर्षी स्थानकाचं नाव बदलून प्रभादेवी केलं, त्याला मात्र वेळ मिळाला.

९ जून २०२५ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरलेल्या गाड्या शेजारून गेल्या आणि दारातली माणसं खाली पडली. त्या दिवशीच चार जण गेले. लगेच घोषणा झाली, की यापुढे सगळ्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं, जुन्यांनाही बसवणार, साध्या डब्यांत हवा खेळायला झरोके आणि छतावर यंत्रणा. दारं हवीतच, मी त्यांच्या बाजूची आहे. पण दारानं जागा वाढत नाही. दार लागेल तेव्हा आज बाहेर लटकणारे दहा जण फलाटावर राहतील, पुढच्या गाडीला वीस होतील. गाड्या वाढवल्याशिवाय दारं लावणं म्हणजे मरण दारातून फलाटावर आणून ठेवणं. १६ एप्रिलला दरवर्षी बोरीबंदर ते ठाणे या १८५३च्या पहिल्या गाडीचा उत्सव होतो. साहिब, सिंध, सुलतान ही तिच्या तीन इंजिनांची नावं सगळ्या अधिकाऱ्यांना पाठ आहेत. मुंब्र्याला पडलेल्या माणसांची किती जणांना आठवतात?

काय करता येईल, हे काही गूढ ज्ञान नाही. सगळं शहर एकाच तासात कामाला लावायचं काही दैवी कारण नाही. मध्य रेल्वेनं २०२३ मध्ये आपल्या मुंबईतल्या कार्यालयात दोन वेगवेगळ्या वेळा लावून दाखवल्या आणि बाकीच्या कचेऱ्यांना तसं करायला सुचवलं. मालकांनी त्याला किती मान दिला, ते सकाळी आठच्या फलाटावर दिसतंच आहे. २०२०च्या टाळेबंदीत याच मालकांची निम्मी कामं कर्मचाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून झाली, नफ्यासकट. गाड्या सुरू झाल्या आणि यांना अचानक ‘समोरासमोर बसून काम करण्याचं महत्त्व’ आठवलं. समोरासमोर बसायला कर्मचारी दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे असा एका पायावर उभा येतो, आणि बसतो ते तुमच्या खुर्चीत, थकून, अर्धमेला होऊन. त्याच्याकडून तुम्हाला कसली प्रतिभा हवी आहे?

भांडल्याशिवाय यातलं काहीच मिळत नाही, म्हणून मला कळव्याच्या लोकांचं फार अप्रूप आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित गाडी आली. दुप्पट नव्हे, कितीतरी पट महाग पासाची. कळव्याला लोक रुळांवर उतरले, चार दिवसांत बदलापूरला प्रवासी चिडून फलाटावर ठाकले. रेल्वेनं वाढवलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या आठवड्याच्या आत मागे घेतल्या आणि त्या वेळांना साध्या गाड्या परत धावल्या. तेव्हा याच उपदेशक मंडळींनी त्यांना हुल्लडबाज ठरवलं. गारव्याला विरोध करणारे मागास लोक! त्यांचा गारव्याला विरोध नव्हता. त्यांच्या पासात बसणारी गाडी त्यांना न विचारता काढून घेतली होती आणि ती त्यांना परत हवी होती. ती त्यांनी मिळवली. मला तेच हवं आहे. बंद दारांच्या, हवेशीर, साध्या पासाच्या गाड्या, कर्जत-कसाऱ्यापर्यंत, आजच्या दुप्पट. आणि शेलूत घर देणार असाल तर शेलूत कचेरीही द्या, मंत्रालयाचे दोन मजले उचलून न्या, पहिल्यांदा गृहनिर्माण खात्याचे.